दांडे नसलेली खुर्ची

मिस्त्री खोटं बोलायला लागला की त्याच्या हातातला पाना थांबत नाही, हे दप्तरताईला इतक्या वर्षांत पाठ झालं होतं. सोमवारी दुपारी ती आपली चाकांची खुर्ची न्यायला त्याच्या दुकानात आली, तेव्हा तो आधीच घट्ट बसलेला एक नट पुन्हा पुन्हा आवळत होता आणि बेअरिंगचा माल आला नाही, बाजार बंद होता, अंगात कणकण होती, असं एकामागून एक काढत होता. दप्तरताई नुसती बघत राहिली. कचेरीच्या दप्तरखान्यात अकरा वर्षं काढलेल्या बाईला गप्प बसून माणसाकडून खरं काढून घेता येतं.

शेवटी मिस्त्रीने पाना खाली ठेवला. "ताई, तुमची खुर्ची सिनेमात गेली," तो म्हणाला.

त्याच्या दुकानात दोन प्रकारच्या खुर्च्या असत. एक गिऱ्हाइकांच्या, दुरुस्तीला आलेल्या. दुसऱ्या दुकानाच्या, म्हणजे कुणी न्यायलाच न आलेल्या, मोडक्या, गंजक्या. त्या तो सिनेमा-नाटकवाल्यांना भाड्याने देई. घोळ होऊ नये म्हणून त्याने साधा नेम ठेवला होता. मागून ढकलायचे जे दोन दांडे असतात, त्यांतल्या उजव्याला गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी सुतळीने बांधायची. चिठ्ठी नाही ती खुर्ची दुकानाची. दप्तरताईच्या खुर्चीला मात्र दांडेच नव्हते. चिठ्ठी बांधायची कुठे, म्हणून मिस्त्रीने ती गादीखाली सारली आणि शनिवारी जेवायला घरी जाताना सासऱ्यांना दुकानात बसवून गेला. तेवढ्यात सिनेमावाल्यांची गाडी आली. सासरे नेमाचे पक्के. दांड्याला चिठ्ठी नाही, दांडेसुद्धा नाहीत, म्हणजे ही तर मोडक्यांतली मोडकी, असं ठरवून त्यांनी ती स्वतःच्या हाताने गाडीत चढवली.

"वर धूळ झटकून दिली," मिस्त्री म्हणाला, जणू तेवढ्याने काही भरून निघणार होतं.

दांडे काढायला तिनेच लावले होते. रस्त्याच्या कडेला जरा थांबलं की कुणी ना कुणी पुण्यवान मागून येई, न विचारता दांडे धरी आणि तिला पलीकडे नेऊन सोडी. एकदा तर ती पलीकडूनच नुकतीच येऊन दम खात होती. एका गृहस्थांनी तिला होती तिथे परत पोचवलं आणि 'देव तुमचं भलं करो' म्हणून निघून गेले. देवाशी तिचं भांडण नव्हतं. लहानपणीच्या तापात पाय गेले ते त्याच्या इच्छेने गेले असं ती मानत होती, आणि सकाळी त्याचं नाव घेतल्याशिवाय चहाला तोंड लावत नव्हती. तिचं भांडण होतं ते त्याच्या वतीने धावत येणाऱ्यांशी. त्या दिवशी संध्याकाळीच तिने मिस्त्रीकडून दोन्ही दांडे करवतीने कापून घेतले.

आता ती मिस्त्रीनेच तात्पुरती म्हणून दिलेल्या इस्पितळी खुर्चीत बसली होती आणि मागे दांडे धरून वहिनी उभी होती. ही खुर्ची सव्वीस इंच रुंद. दप्तरखान्यात दोन मांडण्यांमधली वाट दोन फुटांची. तिची स्वतःची खुर्ची मिस्त्रीने मधले गज कापून बावीस इंचांवर आणली होती. दोन्ही बाजूंना एकेक इंच सुटे, आणि त्या इंचात बोटांची सालटं जात. पण ती आत जाई, हवा तो कागद काढी आणि बाहेर येई, कुणाला हाक न मारता.

शुक्रवारी तिला हेच करून दाखवायचं होतं. कचेरीत नवे साहेब आले होते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिला बोलावून फार हळू आवाजात विचारलं की तुम्हाला घरी बसून आराम करावासा वाटत नाही का. तिने नाही म्हटलं. मग पत्र आलं. शुक्रवारी अकरा वाजता समितीसमोर हजर राहून, सांगितलेल्या तीन नोंदी वीस मिनिटांत, कुणाच्याही मदतीशिवाय शोधून द्याव्यात. अन्यथा प्रकृतीच्या कारणास्तव सेवानिवृत्तीचा विचार करण्यात येईल. 'विचार' हा शब्द कचेरीत कसा वापरतात हे तिला ठाऊक होतं. विचार झाल्यावरच तो कागदावर येतो.

"कुठला सिनेमा?" वहिनीने मिस्त्रीला विचारलं.

भुताचा, असं तो म्हणाला, आणि वहिनीचा चेहरा असा उजळला की दप्तरताईला ते मान वळवून बघावंही लागलं नाही.

वहिनी म्हणजे तिच्या थोरल्या भावाची बायको. घरी शिवणयंत्र चालवायची आणि मशीनच्या खणात दोऱ्याच्या रिळांसोबत भयकथांचं पुस्तक ठेवायची. कपाटात अशी बासष्ट पुस्तकं होती. मागे एकदा दप्तरताई महिनाभर घरी पडून होती, तेव्हा तिने ती सगळी वाचून काढली, आणि हाताला लागलेली सवय सुटेना म्हणून त्यांची नोंदवही केली. लेखकाप्रमाणे नाही, आजाराप्रमाणे. लंगडी भुतं एकोणीस. एका डोळ्याची अकरा. कुबड असलेले नोकर सात, सगळे कंदील घेऊन दार उघडणारे. अंगावर चट्टे असलेला म्हातारा चार ठिकाणी, आणि चारही ठिकाणी त्याला शिवलं की माणूस मरतो. फेफरं येणाऱ्या मुली नऊ. नवांच्याही अंगात कुणी तरी शिरलेलं होतं आणि नवांतल्या एकीलाही कुणी डॉक्टरकडे नेलं नव्हतं. मुक्या बायका पाच, ज्यांना खुनी कोण ते माहीत असतं आणि ज्यांच्या हातात कुणी पेन्सिल म्हणून देत नाही. मधुमेहाचं भूत एकही नाही. मूळव्याधीचं तर नाहीच.

"मूळव्याध झालेलं भूत बसेल कुठे?" वहिनी तेव्हा हसून म्हणाली होती. मग जरा घुश्शातच, की अहो वन्सं, कथा आहे ती, भुतात काही तरी खोट नको का. दप्तरताईचं म्हणणं, खोट असावी की. कंजूष असावं, चहाडखोर असावं, दुसऱ्याचं पत्र फोडून वाचणारं असावं. दर वेळी पायातच का?  वहिनीने नवं आणलेलं पुस्तक उघडलं, आणि त्यात विसावा लंगडा निघाला.

मंगळवारी दप्तरताईने रजा टाकली आणि मिस्त्रीच्या टेम्पोतून तिघं चित्रीकरणाच्या जागी गेली.

ती एक बंद पडलेली शाळा होती. तिचं इस्पितळ केलं होतं. दारातच एक रंगारी चांगल्या पांढऱ्या भिंतीवर स्पंजने ओल काढत बसला होता. शेजारी दुसरा पोपडे चिकटवत होता, प्रत्येक पोपड्याला गोंद लावून, फुंकर घालून. लांबलचक व्हरांड्यात लोखंडी खाटा, सलाइनचे स्टँड, आणि एका खाटेवर कुणी तरी जुन्या कुबड्यांचा ढीग रचलेला. इतक्या कुबड्या एका जागी तिने कुठल्या खऱ्या इस्पितळातही बघितल्या नव्हत्या. कुबड्या लागणारी माणसं त्या मागे ठेवून जात नाहीत, एवढं साधं या लोकांना कुणी सांगितलं नव्हतं.

व्हरांड्याच्या टोकाला तिची खुर्ची होती.

तिला ती आधी ओळखूच आली नाही. गजांना तांबडा-तपकिरी रंग फासून गंज आणला होता. हाताने फिरवायच्या कड्यांवर त्याच रंगाचे ओघळ, वाळलेल्या रक्तासारखे. पाय ठेवायची पट्टी मुद्दाम वाकवली होती. उजव्या चाकाचा बोल्ट सैल केला होता, कुरकुरावं म्हणून. गादी सुरीने फाडून आतला कापूस उपसून बाहेर लोंबत ठेवला होता. ती गादी वहिनीने शिवली होती, दुहेरी शिवण घालून, कोपऱ्यांना चामडं लावून, दोन दुपारी खपून. वहिनी पुढे झाली, वाकून तिने तो कापूस बोटांनी आत सारला. 

दिग्दर्शक तिशीचा, टोपी उलटी घातलेला, फार गोड बोलणारा. त्याने झालेल्या घोळाबद्दल मनापासून वाईट वाटून घेतलं. पण खुर्ची देता येत नाही, म्हणाला. खुर्चीची दृश्यं सुरू झाली आहेत, मध्येच बदलली तर पडद्यावर कळेल. शनिवारी संध्याकाळी तो स्वतः घरी आणून देईल, आणि वर नवी कोरी खुर्चीही देईल. तिने सांगितलं की नवी कोरी सव्वीस इंच असते आणि तिला ही शुक्रवारी सकाळी हवी आहे. त्याने पुन्हा वाईट वाटून घेतलं.

"आणि मॅडम, हिच्यासारखी दुसरी मिळणार नाही," तो खुर्चीकडे बघत म्हणाला. "हिला दांडे नाहीत. म्हणजे मागून ढकलणारं कुणी असूच शकत नाही. ती आपली आपण चालते. विचार करा, काय भयानक आहे."

"आपली आपण चालावी म्हणूनच कापलेत ते," दप्तरताई म्हणाली.

तेवढ्यात शेजारच्या खोलीतून थर्मास घेऊन एक वयस्कर गृहस्थ आले, आणि वहिनीने इस्पितळी खुर्चीचे दांडे एवढ्या जोरात आवळले की ते दप्तरताईच्या पाठीला जाणवलं. कपाटातल्या बासष्टांपैकी अठ्ठावीस पुस्तकं या लेखकमहाशयांची होती. मलपृष्ठावरच्या फोटोत त्यांचे डोळे खोल आणि जळजळीत होते. प्रत्यक्षात ते थर्मासच्या झाकणात चहा ओतून, तो फुंकून पिणारे, जिना चढल्यावर गुडघे चोळणारे साधे गृहस्थ होते. वहिनीने सांगितलं की तुमची सगळी वाचलीत. ते खूश झाले, खाटेवरच्या कुबड्या बाजूला सारून बसले आणि त्यांनी दप्तरताईला सिनेमाची कथा समजावून सांगितली. एक सुंदर मुलगी. अपघात. पाय जातात. मग तिच्या मनात विष भरतं. ती मरते, पण खुर्ची राहते, आणि या व्हरांड्यात जो चालताना दिसेल त्याला ती मारते.

का मारते, असं दप्तरताईने विचारलं.

लेखकमहाशयांना प्रश्न कळला नाही. तिला चालता येत नाही म्हणून, असं ते म्हणाले.

दप्तरताईने हे शांतपणे ऐकून घेतलं. मग आपल्या नेहमीच्या खालच्या पट्टीत तिने सांगितलं की तिला तीस वर्षं चालता येत नाही, कचेरीत तिच्यासमोरून रोज दीडशे माणसं चालत जातात आणि तिने अजून साहेबांनासुद्धा हात लावलेला नाही. मिस्त्री खोकला. लेखकमहाशय मोठ्या मनाने हसले. तुमची गोष्ट वेगळी, म्हणाले, ही कला आहे. ओसाड इस्पितळ, दूरवर उजेडाचा एक पट्टा, आणि त्या पट्ट्यात सरकत येणारी एक रिकामी खुर्ची.

"यासारखं भयंकर दृश्य नाही, बाई," ते म्हणाले. "चाळीस वर्षं लिहितोय. रिकामी खुर्ची दिसली की माणसाच्या पोटात गोळा येतोच."

"आमच्या घरीही येतो," दप्तरताई म्हणाली. "रिकामी खुर्ची दिसली की मी कुठे तरी जमिनीवर पडलेय, असा त्याचा अर्थ असतो. मग वहिनी हातातलं टाकून शोधत धावतात. तुमच्या कथेत तिला उचलायला कुणी जातं का?"

लेखकमहाशयांनी झाकणातल्या चहाकडे बघितलं. "नाही," ते म्हणाले. "पळून जातात सगळे."

"मग मनात विष भरायला वेगळा अपघात कशाला हवा?"

दिग्दर्शक मात्र ऐकत नव्हता. तो दोन हातांची चौकट करून तीतून दप्तरताईकडे बघत होता. त्याला एक कल्पना सुचली होती. मॅडमनीच एका दृश्यात बसावं. नायिका छानच करते, पण तिला बोटं वाकडी धरायला जमत नाही, ती दर वेळी वेगळी वाकवते. मॅडमचं कसं, सगळं अस्सल. संवाद नाहीत. नुसतं बघायचं, टक लावून, आत काही तरी कुजलंय असं.

दप्तरताईची बोटं सरळ होती, तिने ती मांडीवर ठेवून त्याला दाखवलीही. टक लावून बघायचं काम आपण कचेरीत करतो, असं तिने सांगितलं, आणि तिथे ते उपयोगी पडतं, असंही.

मग दृश्य सुरू झालं. खुर्चीला नायलॉनचा बारीक दोरा बांधला होता. दोघं जण दाराआडून तो ओढणार आणि नायिका खाटेवरून दचकून उठणार. नायिका, एका डोळ्यात पांढरी काच घातलेली, दुसऱ्या डोळ्याने मोबाइल बघत तयार होती. दोरा ओढला. खुर्ची कुरकुरत निघाली, चार हात सरळ आली आणि उजवीकडे वळून भिंतीवर आपटली. पुन्हा ओढली. सलाइनचा स्टँड पाडला. तिसऱ्या खेपेला ती गरकन फिरून ज्यांनी ओढली त्यांच्याचकडे गेली. दिग्दर्शकाचा गोडवा कमी कमी होत चालला. आठव्यांदा रंगाऱ्याच्या डब्याला धडकून ताजी ओल फरशीवर सांडली. यांनीच बोल्ट सैल केला आणि आता हेच खुर्चीला शिव्या घालत होते.

दप्तरताई बघत होती. आपलं माणूस चारचौघांत असं फरफटवलेलं बघवत नाही, तसं तिला झालं. दहाव्या खेपेनंतर तिने दिग्दर्शकाला बोलावून विचारलं की रिकाम्या खुर्चीची दृश्यं किती राहिलीत. चार, तो म्हणाला. नायिका बसलेली असते ती जवळून घ्यायची, तिथे कुठलीही खुर्ची चालेल.

"चारही मी आत्ता करून देते," ती म्हणाली. "तासाभरात. मग खुर्ची मी घेऊन जाईन. कागदावर लिहून द्या."

तोंडी कबुलीवर तिचा भरवसा नव्हता. दिग्दर्शकाने हसत हसत लिहून दिलं; तारीख घातली नव्हती, ती तिने घालायला लावली. मिस्त्रीने बोल्ट आवळला. मग ती दाराच्या चौकटीआड हातांच्या जोरावर फरशीवर उतरली, आणि खुर्ची समोर घेऊन तिने एक डोळा बारीक करून व्हरांडा बघितला.

यात जादू काही नव्हती. रोज आंघोळीच्या वेळी ती स्टुलावर सरकायची आणि खुर्ची भिजू नये म्हणून एका हाताने तिला लोटून द्यायची. खुर्ची न्हाणीघराच्या दारातून निघून, पलंगाला न धडकता, बरोबर खिडकीखाली जाऊन थांबायची. वीसेक वर्षांत मनगटाला सगळं माहीत झालं होतं, कुठे धरायचं, किती, आणि सोडताना बोट कुठलं शेवटी काढायचं. तिने लोटली. खुर्ची आवाज न करता निघाली, उजेडाच्या पट्ट्यात आली, सरळ रेघेत चालत राहिली आणि नायिकेच्या खाटेपासून हातभर अंतरावर उभी राहिली. नायिका मोबाइल टाकून खरोखरच किंचाळली.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दिग्दर्शक धावत आला. अप्रतिम, म्हणाला, पण आता पुढच्या दृश्यात खुर्चीत राग हवा, सूड हवा, जन्मभराचं दुःख हवं. दप्तरताईने मान हलवली आणि खुर्ची पुन्हा तशीच, त्याच मनगटाने लोटली.

"वा," दिग्दर्शक कॅमेऱ्याच्या मागून पुटपुटला. "हा राग."

वहिनी भिंतीला टेकून हे बघत होती. तिने शेजारी उभ्या लेखकमहाशयांना हळूच विचारलं की तुम्हाला स्वतःला काय काय आजार आहेत. ते म्हणाले, रक्तदाब आणि दोन्ही गुडघे. मग तुमच्या भुतांना गुडघेदुखी का नसते, असं तिने विचारलं. गुडघेदुखीला कोण घाबरतं, असं ते म्हणाले.

"मी," वहिनी म्हणाली. "मला चार वर्षांपासून आहे."

चाळीस मिनिटांत चारही दृश्यं संपली. निघताना लेखकमहाशय टेम्पोपर्यंत आले. त्यांनी थर्मास एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. वहिनीने त्यांची सही मागितली नाही.

बुधवार-गुरुवार खुर्ची घासण्यात गेले. वहिनीने गादी उसवून नव्याने शिवली, मिस्त्रीने पट्टी सरळ केली, बेअरिंग बसवलं आणि सासऱ्यांना तीन वेळा माफी मागायला पाठवलं. गजांवरचा रंग रॉकेलने निघाला. कड्यांवरचा मात्र निघता निघेना; दोन दिवस घासून थोडा फिका झाला आणि कोरडा वाटला, तेव्हा त्यांनी नाद सोडला.

शुक्रवारी अकरा वाजता दप्तरखान्याच्या बाहेर टेबल मांडलं होतं. मधे साहेब, एका बाजूला तपासणीचे डॉक्टर, दुसऱ्या बाजूला मुख्य कचेरीतून आलेल्या एक बाई, पर्स मांडीवर घट्ट धरून बसलेल्या. साहेबांपुढे तिची सेवेची फाइल होती आणि फाइलीतून एका टाइप केलेल्या आदेशाचा कोपरा बाहेर आला होता. खालची सहीची जागा तेवढी कोरी होती. दप्तरताईने तो बघितला. तिने बघितल्याचं साहेबांनी बघितलं आणि कोपरा आत सारला. मग त्यांनी तीन नोंदींची चिठ्ठी दिली आणि त्याच हळू आवाजात म्हणाले की जमलं नाही तर मनाला लावून घेऊ नका.

ती आत गेली. पहिली नोंद जुन्या जन्मवहीतली, सहाव्या मांडणीच्या तळाशी. दुसरी एका मोजणीच्या नकाशाची. तिसरी वारसाची, चिठ्ठीवर तिचा क्रमांक जुना होता, त्या क्रमांकाची फाइल दहा वर्षांपूर्वी दोन भागांत विभागली गेली होती. तिने दोन्ही भाग काढले. आत हवा कोंदट होती. हात घामेजले, बोटं मांडणीला घासली, आणि तिला कळलं की कड्या चिकट लागताहेत. थांबायला वेळ नव्हता. मांडीवर चार फायली घेऊन ती बाहेर आली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात अकरा मिनिटं झाली होती.

डॉक्टर एकदम उभे राहिले. पर्सवाल्या बाईंनी तोंडावर हात धरला. दप्तरताईने खाली बघितलं. तिचे दोन्ही तळवे तांबडे झाले होते, मनगटापर्यंत.

"रंग आहे," ती म्हणाली. "खुर्ची सिनेमात होती. तिथे रक्त म्हणून लावला होता."

 मग डॉक्टरांनी विचारलं, कुठल्या सिनेमात. तिने सांगितलं. नायिका कोण, असं पर्सवाल्या बाईंनी विचारलं, आणि नाव ऐकल्यावर पर्स टेबलावर ठेवली. तुम्ही तिला बघितलंत का, अगदी जवळून बघितलंत का, ती दिसते तशीच गोरी आहे का. साहेबांचा आवाज आज पहिल्यांदाच सगळ्यांना ऐकू येईल इतका मोठा झाला. त्यांना लहानपणापासून भुताचे सिनेमे फार आवडत, आणि त्यांचा एक मेहुणा अशाच एका सिनेमात प्रेत झाला होता. डॉक्टरांनी कडीला बोट लावून बघितलं आणि ते बोट बाईंना दाखवलं. ज्या खुर्चीकडे इतके दिवस साहेब बघायचं टाळत होते, तिच्याभोवती आता तिघंही वाकून उभे होते. चार फायली टेबलावर पडून होत्या. कुणी त्यांना हात लावला नव्हता.

"ठीक आहे, करून टाकू," साहेब खुशीत बसत म्हणाले. त्यांनी आतला आदेश काढून बाजूला टाकला, दुसरा फॉर्म घेतला आणि पेनाचं टोपण काढलं. शेऱ्यात 'सक्षम' लिहिलं आणि सहीकडे वळत म्हणाले, अभिनंदन, बाई.

हवं होतं ते आता एका सहीवर आलं होतं. तिने नुसतं धन्यवाद म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

"साहेब, आधी फायली उघडा," दप्तरताई म्हणाली.

साहेब म्हणाले, कशाला, झालं की.

"मी काय आणलं ते तुम्ही बघितलंच नाही. रिकामे पुठ्ठे आणले असते तरी तुम्ही सही केली असती." तिचा आवाज होता तेवढाच होता. "उद्या तुमची बदली होईल. नवे साहेब येतील, त्यांना सिनेमाचा शौक नसेल, ते मला पुन्हा बोलावतील. शेऱ्यात लिहा, तीन नोंदी, अकरा मिनिटं, पानं पडताळली. नायिकेबद्दल काही लिहू नका."

डॉक्टरांनी रुमालाला बोट पुसलं. पर्सवाल्या बाई आपल्या जागेवर जाऊन बसल्या. साहेबांनी एकदा घड्याळाकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि पहिल्या वहीची दोरी सोडायला घेतली. गाठ त्यांना सुटेना. दप्तरताईला ती डोळे मिटून सोडता आली असती. तिने हात मांडीवरच ठेवले. गाठ सुटली. मग पान सापडेना. साहेब पुढे गेले, मागे आले, चष्मा काढून पुसून पुन्हा घातला, ओळीवरून बोट फिरवत खाली आले, आणि बऱ्याच वेळाने एका जागी थांबून त्यांनी मुलाचं नाव, बापाचं नाव आणि जन्माची तारीख मोठ्याने वाचली.

"बरोबर," डॉक्टर चिठ्ठी बघून म्हणाले.

दप्तरताईने पुढची फाइल साहेबांकडे सरकवली.